रिकाम्या खोलीची घंटा

आमच्या धंद्यात भूत हा शब्द रोजच्या वापरातला आहे. प्रोग्राम सरळ चालता चालता मध्येच वेड्यासारखा वागला आणि कारण सापडेना, की कोणीतरी म्हणतंच, "यात भूत आहे." अशा माणसाकडून मी आधी चहा उकळते आणि मग त्याला शेजारी बसवून ते भूत शोधून देते. कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं आणि सांगायचं राहिलेलं असतं, बाकी काही नाही. ऑफिसात मला झाडू म्हणतात, कारण मी लिहिते त्यापेक्षा पुसते जास्त. नवी मुलं आपलं काम मला दाखवायला घाबरतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

त्यामुळे वृद्धाश्रमातून मोठ्या सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी सरळ हसले.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या आत्यांच्या खोलीची घंटा आपोआप वाजायला लागलीय."

"बटण अडकलं असेल."

"बटण ठीक आहे. इलेक्ट्रिशियनला दाखवलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगते. इथे ज्यांची घंटा आपोआप वाजायला लागते ना, ते फार दिवस राहत नाहीत. ही यंत्रणा तुमच्या त्या सरांनी बसवलेली. ते तर गेले. आता तुम्हीच येऊन ती वाजायची थांबवा, नाहीतर आम्ही सगळ्या घंटा काढून टाकतो."

मग मात्र माझं हसू गेलं. आईच्या मागे मला आत्याने वाढवलं. तिला सोडून मला या जगात माझं म्हणावं असं कोणी नाही. तिला वृद्धाश्रमात ठेवलं ते तिच्याच हट्टाने, पण ते दार मागे लावून मी बाहेर पडले, हे मला अजून पचलेलं नाही.

सिस्टर म्हणाल्या ते सर म्हणजे दाढी. त्याने ऐन तरुणपणी दाढी ठेवली होती म्हणे. मी नोकरीला लागले तोवर ती कधीच गेली होती, नाव तेवढं चिकटून राहिलं होतं. मला काम त्याने शिकवलं. त्याच्याइतका स्वच्छ प्रोग्राम लिहिणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका आडमुठाही. आपण काय केलं ते तो कधीही लिहून ठेवायचा नाही. "जे समजावून सांगावं लागतं, ते मुळात नीट लिहिलेलंच नसतं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. यावरून आमची जन्मभर जुंपली. मी म्हणायचे, उद्या तू नसशील तेव्हा काय करायचं? तो म्हणायचा, "तेव्हा माझं काम असेल ना."

त्याची आई याच आश्रमात होती. तिच्यासाठी म्हणून त्याने इथल्या घंटांची सगळी यंत्रणा स्वतः केली. पलंगाशी एक बटण. ते दाबलं की खोलीत बारीक टुंग टुंग सुरू होते, म्हणजे आपली हाक पोचली हे दाबणाऱ्याला कळतं. आणि कॉरिडॉरच्या तोंडाशी सिस्टरांच्या टेबलामागे जे पॅनेल आहे, त्यावर त्या खोलीचा दिवा लागून मोठी घंटा वाजते. आई गेली तरी दाढी रोज दुपारी तिथे यायचा. पुढे तोही गेला, एका शिंकेनेही पूर्वसूचना न देता, खुर्चीत बसल्या बसल्या.

मी पोचले तेव्हा दुपारची जेवणं आटोपून सगळीकडे सामसूम झाली होती. कॉरिडॉरला फिनेलचा आणि उकळलेल्या कपड्यांचा वास. टेबलाशी आश्रमातल्या सर्वांत जुन्या मावशी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करत बसल्या होत्या. ठेंगण्या, दणकट, पायात पुरुषी बूट. त्यांना विचारलं तर त्या एकदम सुटल्या.

"आधी त्या कोपऱ्यातल्या खोलीची सुरू झाली. तिथे कोणी राहत नाही, ताई. चादरी ठेवतो आम्ही. रोज दुपारी वाजते. मग त्या शाळेच्या बाई होत्या ना, त्यांची वाजली. आठवड्यात गेल्या. मग टेलरकाका. त्यांच्यामागे ते पोस्टातले. आता..." त्यांनी आत्याच्या दाराकडे नुसतं पाहिलं.

"म्हातारी माणसं आहेत, मावशी. घंटा वाजली काय, न वाजली काय."

"तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणा."

तेवढ्यात घंटा वाजली. कॉरिडॉरच्या टोकाच्या त्याच कोपऱ्यातल्या खोलीचा दिवा पॅनेलवर लुकलुकू लागला. मी मान वळवून पाहिलं. ती खोली बाहेरून कडी लावलेली होती, आणि दारासमोर चादरींची ढकलगाडी उभी होती. आत कोणी असणं शक्य नव्हतं. मावशींनी अभ्र्यावरची नजर न काढता हात मागे नेला आणि पॅनेलवरचं बटण दाबलं. घंटा थांबली. त्यांना ते बटण शोधावं लागलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. माझ्या अंगावर काटा आला होता, पण तो मी कुडत्याच्या बाह्यांत लपवला.

आत्या खिडकीशी बसली होती. जन्मभर तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर शंभर दिवे. ज्याची हाक येईल त्याला उत्तर द्यायचं. घरी आली की म्हणायची, आता मला कोणी हाका मारू नका. तिची जीभ अशी की वाण्यापासून साहेबापर्यंत सगळे तिला टरकून असायचे.

"काय गं ठकू, आज रविवार नाही ना?" ती म्हणाली. "की माझी तारीख कळली तुला?"

"कसली तारीख?"

"मला बहिरी समजतात या बाया. माझी घंटा वाजली म्हणजे माझा नंबर लागला, असं चाललंय बाहेर." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मी हात लावत नाही हो त्या बटणाला. मला काय धाड भरलीय? उगाच त्यांना नाचवायचं."

दाराच्या आत स्टुलावर चहाचा कप होता, वर बशी झाकलेली. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"इथे का ठेवलाय?"

"तिथेच ठेवतात हल्ली. ताटही." आत्याने गुडघ्यावरची शाल सारखी केली. "पुढे येत नाहीत. घाबरत असतील बिचाऱ्या."

जी बाई लिफ्टमन उलट बोलला म्हणून सात मजले चढून गेली होती, ती 'बिचाऱ्या' म्हणत होती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कोणाचा ते कळेना म्हणून मी तो घंटेवर काढायचं ठरवलं.

जिन्याखाली एक अरुंद खोली आहे. तिथे झाडू, बादल्या आणि दाढीचा जुना कॉम्प्युटर. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला सुट्टी टाकून तिथे ठाण मांडलं. आधी वायरी तपासल्या, ओल बघितली, उंदरांनी काही कुरतडलं का ते पाहिलं. सगळं ठणठणीत. मग प्रोग्राम उघडला.

गेलेल्या माणसाचा प्रोग्राम वाचणं म्हणजे त्याच्या घरात एकटीने राहणं. तो काड्यापेटी कुठे ठेवायचा, कोणत्या खिडकीला कडी लावायचा नाही, हे हळूहळू कळत जातं. दाढीचं लिहिणं वाचताना मला त्याचा खोकला ऐकू येत होता. इथे तो घाईत होता, इथे त्याने बाहेर जाऊन सिगरेट ओढली असणार, इथे तो स्वतःवरच खूश आहे. आणि नेहमीप्रमाणे समजावणारी एकही ओळ नाही. घंटांचा भाग मी दोनदा वाचला. त्यात खोट नव्हती. बटण दाबलं नाही तर घंटा वाजायला जागाच नव्हती, आणि वरती कोपऱ्यातली खोली आपली वेळेवर वाजली.

मोठ्या सिस्टर जिन्यात वाकून म्हणाल्या, "झालं का?"

"कारण सापडलं नाही अजून."

"कारण कशाला हवंय? त्या दोन खोल्यांच्या तेवढ्या बंद करा ना."

ते अर्ध्या ओळीचं काम होतं. करून टाकलं असतं तर सगळे सुखी झाले असते; आत्याच्या खोलीत मावश्या पुन्हा पलंगापर्यंत गेल्या असत्या. पण मी झाडू असले तरी माझा एक नियम आहे: जे कशासाठी आहे ते कळलं नाही, ते पुसायचं नाही. कचरा आहे असं सिद्ध झालं तर मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. सिद्ध होईपर्यंत बोट लावत नाही. हा नियम दाढीनेच लावलेला. सिस्टरांना मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. त्या तोंड वाकडं करून गेल्या.

मग मी कॉरिडॉरमध्ये स्टूल टाकून बसले आणि नुसती बघत राहिले. आमच्या कामाचा हा भाग कोणाला सांगून पटत नाही. लोकांना वाटतं आपण बसून पगार खातो. समोरच्या खोलीत एक निवृत्त बसकंडक्टर होते. ते अर्ध्या अर्ध्या तासाने घंटा वाजवायचे. किती वाजले? आज भाजी कसली? खिडकी उघडा. खिडकी लावा. मावशी कपाळावर हात मारून जायच्या.

"यांची कधी आपोआप वाजली का हो?" मी विचारलं.

"यांची? आपोआप वाजायला मध्ये वेळ तरी ठेवतात का?"

आम्ही दोघी हसलो. आणि हसता हसता माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

"त्या शाळेच्या बाई कशा होत्या?"

"देवमाणूस. कधी त्रास नाही."

"टेलरकाका?"

"तेही तसेच. शेवटी शेवटी तर बोलायचेच नाहीत."

मी उठले, आत्याच्या खोलीत गेले आणि तिचं बटण एकदा दाबलं. मावशींना बाहेरूनच ओरडून सांगितलं, "मी आहे, मी दाबलीय!" त्या दुपारी आत्याची घंटा आपोआप वाजली नाही. मी वाट बघत राहिले, पण नाहीच वाजली. जाताना आत्या म्हणाली, "उद्या येशील?" तिने असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, येईन की, खालीच असेन दिवसभर.

तिसऱ्या दिवशी मी काय शोधायचं ते ठरवून बसले. वाजण्याचा हिशेब ठेवणारं काही नको होतं, न वाजण्याचा ठेवणारं हवं होतं. घंटांच्या भागात ते नव्हतंच. ते सापडलं कॉरिडॉरचे दिवे लावण्याविझवण्याच्या भागात, शेवटी, जणू पाहुणे आल्यावर घाईने पलंगाखाली सरकवलेलं सामान. लहानसा तुकडा होता. सकाळपासून ज्या खोलीतून एकदाही बटण दाबलं गेलं नाही, तिची घंटा दुपारी आपण होऊन वाजवायची, कोपऱ्यातल्या टोकापासून सुरू करून, एकेका खोलीची थोड्या थोड्या वेळाने. त्या तुकड्याला दाढीने नाव दिलं होतं: जाऊन_बघ.

कोणता बदल कधी केला याची तारीख कॉम्प्युटर ठेवतोच. ही तारीख त्याच्या आईच्या तेराव्याच्याही आधीची होती. त्या दिवसांत मी त्याला भेटायला गेले होते. तो एवढंच बोलला होता की ती दुपारपासून पडून होती, बटण हाताशी होतं, पण तिने दाबलं नाही. "कशाला कोणाला त्रास, असं वाटलं असणार तिला," तो म्हणाला होता, आणि मग त्याने माझ्याकडे ऑफिसातल्या कुठल्यातरी फालतू कामाची चौकशी केली होती.

मी खुर्चीत मागे टेकले. एवढंच होतं तर. जी माणसं हाक मारत नाहीत, त्यांच्या वतीने घंटा हाक मारत होती. मिटत चाललेली माणसं बटण दाबायचं सोडतात, म्हणून तीच घंटा जाणाऱ्या माणसांच्या खोलीत वाजायची. भुताचा लेखक सापडला होता. खाली अजून एक ओळ होती. खोली रिकामी झाली की सिस्टर तशी नोंद करतात आणि ती खोली या हिशेबातून निघते. पण कोपऱ्यातली खोली रिकामी असली तरी मोजायची, असं दाढीने खास लिहून ठेवलं होतं. ती त्याच्या आईची खोली. रोज दुपारी तिथली घंटा वाजणार, आणि तो उठून जाणार.

घड्याळ पाहिलं. आज सकाळपासून मी आत्याकडे गेले नव्हते, मुद्दामच. ती बटण दाबत नाही, म्हणजे माझा हिशेब बरोबर असेल तर थोड्याच वेळात तिची घंटा वाजायला हवी. वरती जाऊन प्रयोग बिघडवायचा नाही, म्हणून मी त्या बादल्यांमध्ये हात चोळत बसून राहिले. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणाची नशा जात नाही: आपण म्हटलं तसंच यंत्र वागणार की नाही?

घंटा वाजली. पडद्यावर आत्याच्या खोलीचा आकडा उमटला. मी चक्क टाळी वाजवली. "वाजली!" एकटीच ओरडले मी, त्या झाडू-बादल्यांना ऐकवत.

आणि मग ती थांबली.

कोणीतरी वर पॅनेलवरचं बटण दाबलं होतं. माझ्या डोक्यावर कॉरिडॉर होता. एकही पाऊल वाजलं नाही. टाळीला जोडलेले हात तसेच राहिले. शाळेच्या बाई. टेलरकाका. पोस्टातले. प्रत्येकाची घंटा वाजली होती, आणि ती वाजली म्हणूनच त्यांच्या खोलीत कोणी गेलं नव्हतं.

मी जिना कसा चढले ते आठवत नाही. टेबलाशी मावशी होत्या, हात अजून पॅनेलपाशी. मी त्यांना ओलांडून धावले. आत्याच्या खोलीत दाराशी स्टुलावर ताट होतं, झाकलेलं. पलंग रिकामा होता. ती पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जमिनीवर बसली होती, पाय पुढे पसरून, मनगट सुजलेलं, ओठ पांढरे. दारातून ती दिसली नसती. बटणाची वायर तिच्या खांद्याशी लोंबत होती.

"आत्या! आत्या गं, दाबायचं ना बटण! हाताशी आहे, दाबायचं ना!"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आधी ओळखलं की नाही तेच कळेना.

"ठकू," ती म्हणाली, "मी दिसते ना तुला?"

"म्हणजे काय? दिसतेस की!"

"दाबायचे गं मी आधी. पहिल्यांदा दाबलं, तर वाजून बंद झालं. कोणी आलं नाही. परत दाबलं, परत तसंच. मग म्हटलं, जाऊ दे. नाही दाबायचं. तर ती आपली आपणच वाजायला लागली. वाजते आणि थांबते. वाजते आणि थांबते. ताट येतं, पण माझ्याकडे कोणी बघत नाही." तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, मी गेलेय. गेलेल्या माणसाला कळत नसेल ना आपण गेलोय ते. खरंच मला तसंच वाटलं गं."

मी तिला घट्ट धरलं आणि ओक्साबोक्शी रडले. मागे दारात मावशी उभ्या होत्या, तोंडावर पदर दाबून. मग त्या पुढे आल्या, खाली बसल्या आणि आत्याचा हात हातात घेतला. "आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "आहात. माझंच चुकलं." आत्याच्या अंगात तेवढ्यातही जीव आला. "चुकलं ते बघू मागनं," ती पुटपुटली. "आधी मला उचला. कंबर मोडली माझी."

कंबर मोडली नव्हती, मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तशीच राहिली असती तर सांगता आलं नसतं.

प्लॅस्टर घालून आत्या झोपल्यावर आम्ही तिघी टेबलाशी बसलो. मी सगळं सांगितलं. मोठ्या सिस्टर ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या. त्या इथे आल्या दाढी गेल्यानंतर.

"पण ते सर होते तेव्हा कोणी घाबरायचं नाही का?" त्यांनी मावशींना विचारलं.

"ते असताना घंटा वाजली की तेच उठायचे. 'बघून येतो,' म्हणायचे, आणि जायचे. कोणाचीही वाजू दे. आम्हाला वाटायचं, आपलं मशीन तपासतायत."

"आणि हे बटण?" मी पॅनेलवर बोट ठेवलं. "हे त्याने बसवलेलं नाही. त्याची घंटा खोलीत जाऊनच बंद करता यायची."

मावशी खाली बघू लागल्या. "ते गेल्यावर त्या कोपऱ्यातल्या खोलीची रोज वाजायची. आत कोणी नाही, कशाला एवढं लांब जायचं? म्हणून इलेक्ट्रिशियनकडून इथे बटणं बसवून घेतली. एकट्या त्या खोलीसाठीच घेणार होतो. तो म्हणाला, बसवतोच आहे तर सगळ्यांची बसवतो."

मला दाढीचा इतका संताप आला की तो समोर असता तर मी त्याच्या अंगावर काहीतरी फेकलं असतं. आईवरच्या मायेने त्याने एक ओळ लिहिली, कोणालाही न सांगता. आणि त्या एका खोट्या हाकेने या बायांना खऱ्या हाकांकडे जायचं सोडायला शिकवलं. जे सांगितलं नाही, त्या जागी भीती येऊन राहिली. 'तेव्हा माझं काम असेल ना,' म्हणायचा. होतं ना. रोज दुपारी वाजत होतं.

त्याच संध्याकाळी मी पॅनेलवरची सगळी बटणं काढायला लावली. घंटा पुन्हा खोलीतच बंद होईल असं केलं. पॅनेलवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: घंटा आपोआप वाजली म्हणजे आतलं माणूस सकाळपासून बोललेलं नाही. जाऊन बघा. मग जिन्याखाली बसून मी कोपऱ्यातल्या खोलीची ती ओळ काढली. ती कशासाठी आहे ते आता मला पुरतं कळलं होतं, म्हणूनच काढली. "माफ कर बाबा," मी मोठ्याने म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खोलीतून आवाज आला नाही, आणि तो न आल्याने मी एकटीच दचकले.

आत्या त्यानंतर थंडीपर्यंत होती. मी रविवारची वाट बघायचं सोडून दिलं. तिनेही बटणाची लाज सोडली. प्लॅस्टरच्या हाताने ते दाबून ती मावशींना बोलावून घ्यायची आणि बसकंडक्टरांच्या नकला करून दाखवायची. गेली तेव्हा तिची घंटा वाजलीच नाही. वाजायची गरज नव्हती; एक हात माझ्याकडे होता आणि एक मावशींकडे.

काही दिवसांनी मोठ्या सिस्टरांनी फोन करून विचारलं, कॉम्प्युटरवर खोली रिकामी दाखवायची आहे, ते आम्ही करू की तुम्ही? मी म्हटलं, मी येते.

जिन्याखालच्या खोलीत बसून नोंद केली. आत्याच्या आकड्यापुढे 'रिकामी' असं उमटलं. मी उठले नाही. दाढीने जिथे ती ओळ लिहिली होती, तिथे गेले, आणि आत्याच्या खोलीचा आकडा घालून तशीच ओळ लिहिली. रिकामी असली तरी मोजायची. हात आपोआप चालले. ती ओळ लिहिताना त्याला काय वाटलं असेल हे मला अक्षरन् अक्षर कळलं. आणि कोणालाही सांगावंसं का वाटलं नसेल, तेही.

मग मी ती पुसली.

वर जाऊन आत्याच्या खोलीत बसले. गादी गुंडाळून ठेवलेली, खिडकी उघडी. बटणाची वायर खिळ्याला नीट गुंडाळलेली होती. घंटा वाजायची वेळ आली आणि निघून गेली. बाहेर कंडक्टरांना कोणीतरी किती वाजले ते सांगत होतं. अंधारून यायला लागलं, तरी मी दिवा लावला नाही. कोणाला हाक मारावी असंही वाटलं नाही.

कॉरिडॉरमधून पुरुषी बुटांचा आवाज आला आणि दार ढकललं गेलं.

"मावशी? घंटा वाजली का?" मी दचकून विचारलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "बराच वेळ तुमचा आवाज नाही आला, म्हणून बघायला आले." त्यांनी दिवा लावला आणि चहाचा कप दाराशी न ठेवता आत आणून माझ्या हातात दिला.